विरल मृत्तिका आणि माळव्याची काळी माती



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्याच वर्गात मी रसायनशास्त्राचा पहिला धडा घेतला. वर्गाच्या भिंतीवर मूलद्रव्यांची आवर्त सारणी टांगलेली असे. तिच्या तळाशी दोन ओळी मुख्य कोष्टकापासून तोडून वेगळ्या छापलेल्या होत्या. त्या आम्हांला अभ्यासाला नव्हत्या. तरीही गुरुजींनी एके दिवशी लग्नसमारंभातल्या गॅसबत्तीची जाळी आणि सिगारेट पेटवण्याच्या लायटरातला बारीक खडा वर्गात आणला व सांगितले, "या दोहोंत त्या खालच्या ओळीतले सिरियम आहे. जे परीक्षेत नाही, ते जगात नाही असे समजू नका." ते वाक्य मी विसरलो नाही, पण त्या ओळीचा शेतीशी संबंध येईल, असेही मला कधी वाटले नव्हते.

तो संबंध दाखवून दिला माझ्याच एका विद्यार्थ्याने. शाळा सोडल्यावर त्याने देपालपूरकडील वडिलोपार्जित शेती सांभाळली. काही वर्षांपूर्वी तो एक बाटली घेऊन घरी आला. बाटलीवर 'विरल मृत्तिकायुक्त पीकवर्धक' अशा अर्थाचा मजकूर होता. आदल्या खरिपात त्याने ते औषध साऱ्या सोयाबीनवर फवारले होते आणि पीक उत्तम आले होते. मात्र बाटली महाग पडल्याने त्या वर्षी जस्ताचे खत घालायचे त्याने टाळले होते. तो म्हणाला, "सर, यंदा पुन्हा घेऊ का? मूल झालं तेव्हा टॉनिकची बाटली घ्यावी, तसं झालंय. गुण कशाचा आला तेच कळत नाही." प्रस्तुत व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला मी दिलेले, थोडे विस्तारलेले उत्तर होय.

नाव विरल, अस्तित्व विपुल

लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्ये, आणि त्यांच्याशी गुणधर्मांनी जुळणारी स्कँडियम व इट्रियम, अशा सतरा मूलद्रव्यांना विरल मृत्तिका मूलद्रव्ये म्हणतात. हे नाव फसवे आहे. जुन्या रसायनशास्त्रज्ञांनी ज्या ऑक्साइडांना 'मृत्तिका' म्हटले, ती प्रथम स्वीडनमधील मोजक्या खनिजांत आढळली, म्हणून त्यांना 'विरल' हे विशेषण चिकटले. वास्तविक भूकवचाच्या एका टनात सुमारे ६० ग्रॅम सिरियम असते. म्हणजे जवळजवळ तांब्याइतके आणि शिशाहून कितीतरी अधिक. अडचण वेगळीच आहे. ही मूलद्रव्ये एका ठिकाणी एकवटून क्वचित सापडतात, आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात की ती एकमेकांपासून वेगळी करणे कष्टाचे व खर्चाचे होते.

त्यांची नावेही अर्थपूर्ण आहेत. १८०३ मध्ये सापडलेल्या सिरियमला दोनच वर्षे आधी सापडलेल्या सेरेस या लघुग्रहाचे नाव मिळाले, आणि सेरेस ही रोमन लोकांची धान्यदेवता. लँथनम १८३९ मध्ये सिरियमच्या संयुगांत लपलेले सापडले. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच 'लपून राहणे' असा आहे. धान्यदेवतेच्या नावाचे मूलद्रव्य शेतात काय करते, हा प्रश्न त्यामुळे अधिकच कुतूहलाचा होतो.

आपल्या देशाला ही मूलद्रव्ये नवीन नाहीत. १९०९ मध्ये शॉमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनॅझाइट हे खनिज आढळले. गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी लागणारे थोरियम त्यातून मिळे. स्वातंत्र्यानंतर केरळातील आलुवा येथे इंडियन रेअर अर्थ्‌स या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला. आपल्या इंदूरशीही त्यांचा नाता आहे. १९८४ मध्ये सुखनिवासजवळ पायाभरणी झालेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजेच आजच्या राजा रामण्णा केंद्रात, ज्या लेसर यंत्रांवर काम होते त्यांतील एका प्रमुख प्रकाराच्या स्फटिकात निओडिमियम असते. २०२५ मध्ये चीनने यांतील सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा चुंबके आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या निमित्ताने ही नावे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचली. बाटल्यांच्या विक्रेत्यांनाही ती तेव्हा अधिक उपयोगी पडली असल्यास नवल नाही.

आपल्या मातीत किती आहे?

माळव्याची काळी माती दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. बेसाल्टमध्ये विरल मृत्तिका असतात, म्हणून त्या मातीतही असतात. एक साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. एका किलो मातीत केवळ २० मिलिग्रॅम लँथनम आहे असे धरले, तरी हेक्टरी ४० किलो लँथनम पायाखाली पडलेले आहे. बाटलीतून येणारी मात्रा त्यापुढे नगण्य होय.

मग पिकाला ते का मिळत नाही? येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. मातीत एखादे द्रव्य असणे आणि ते मुळांना उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळी माती अल्कधर्मी असते, तिच्यात चुनखडी असते आणि तिची चिकणमाती विद्युत्‌भारित कणांना घट्ट धरून ठेवते. अशा मातीत लँथनम व सिरियम फॉस्फेट, कार्बोनेट किंवा मातीच्या कणांना चिकटलेल्या रूपात अडकून पडतात. मातीतील पाण्यात विरघळलेला अंश अत्यल्प राहतो. आम्लधर्मी लाल मातीत हा अंश तुलनेने वाढतो. म्हणूनच एका मुलखातील प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या मुलखात जसाच्या तसा लागू पडत नाही.

आणखी एक बाब पुष्कळांना माहीत नसते. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून करतात, त्या खडकातही विरल मृत्तिका अल्प प्रमाणात असतात. असा स्फुरदखडक आपल्या शेजारी झाबुआ जिल्ह्यात मेघनगरजवळ निघतो. सुपर फॉस्फेटची गोणी शेतात रिकामी करणारा शेतकरी नकळत थोडी विरल मृत्तिकाही पेरीत आला आहे.

चीनमधील अनुभव

विरल मृत्तिकांचा खत म्हणून सर्वांत मोठा वापर चीनमध्ये झाला. तेथे १९७० च्या दशकात प्रयोग सुरू झाले आणि १९८० नंतर लँथनम, सिरियम व निओडिमियम यांच्या नायट्रेट व क्लोराइड क्षारांची मिश्रणे बी भिजवण्यासाठी आणि पानांवर फवारण्यासाठी विकली जाऊ लागली. गहू, भात, ऊस, भाजीपाला, फळझाडे अशा अनेक पिकांत उत्पन्न वाढल्याचे अहवाल निघाले. वाढीचे आकडे बहुधा पाच ते पंधरा टक्क्यांच्या घरातील असत.

हे अहवाल खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण ते जसेच्या तसे स्वीकारण्यातही धोका आहे. पाच-दहा टक्क्यांचा फरक एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत औषधाविनाही पडतो. शिवाय नायट्रेटबरोबर थोडे नत्रही जाते. काही मिश्रणांत इतर सूक्ष्म अन्नद्रव्येही असत. त्यामुळे वाढ झाली तरी तिचे श्रेय कोणाला, हे ठरवणे सोपे नसते. माझ्या विद्यार्थ्याच्या बाटलीवरील बारीक अक्षरे आम्ही भिंगाने वाचली. तिच्यात जस्त आणि बोरॉनही होते.

पेशीत काय घडते?

या मूलद्रव्यांचा वनस्पतीवर परिणाम होतो, यात मात्र शंका नाही. त्याचे मूळ कॅल्शियमशी असलेल्या साम्यात आहे. द्रावणातील लँथनमचा भारित अणू आकाराने जवळजवळ कॅल्शियमएवढाच असतो. पण कॅल्शियमवर दोन धन भार असतात, तर लँथनमवर तीन. पेशीच्या पटलात कॅल्शियम आत येण्यासाठी सूक्ष्म मार्ग असतात. लँथनम त्या मार्गाच्या तोंडाशी येऊन बसतो आणि वाढीव भारामुळे अधिक घट्ट बसतो. कुलुपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली जसे कुलूप अडवून ठेवते, तसा हा प्रकार आहे. या गुणामुळे प्रयोगशाळांत कॅल्शियमचे मार्ग बंद करून पाहण्यासाठी लँथनमचा उपयोग अनेक दशके होत आला आहे.

कॅल्शियम वनस्पतीला पेशीभित्तिकेच्या बळकटीसाठी लागते, तसेच ते निरोप्याचेही काम करते. ऊन, पाण्याचा ताण, कीड यांची वार्ता पेशीत कॅल्शियमच्या चढउतारातून पोहोचते. या यंत्रणेत किंचित ढवळाढवळ झाली, तर वनस्पती जणू सावध होते. तिची संरक्षक एंझाइमे वाढतात, कधी मुळांची किंवा हरितद्रव्याची वाढ दिसते. ढवळाढवळ अधिक झाली, की मुळांची टोके खुंटतात आणि वाढ थांबते. अल्प मात्रेत उत्तेजन आणि अधिक मात्रेत विषबाधा, अशी ही दुहेरी चाल आहे. या दोहोंमधील अंतर फार थोडे असते, आणि ते प्रत्येक पिकागणिक बदलते.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी मका व मूग ही दोन पिके लँथनम आणि सिरियम असलेल्या विरळ पोषक द्रावणात वाढवून पाहिली. कोणत्याही पिकाची वाढ सुधारली नाही. उलट मुगाला मक्याहून पुष्कळ कमी मात्रेतच अपाय झाला. मूग हे द्विदल पीक आहे आणि सोयाबीनही द्विदलच, हे आपण विसरता कामा नये. सोयाबीनवर ब्राझीलमध्ये २०१५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिलेले लँथनम बहुतांशी मुळांतच साठून राहिल्याचे दिसले.

लँथनमचा दुसरा स्वभाव म्हणजे फॉस्फेटशी असलेली त्याची घट्ट मैत्री. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीरात फॉस्फेट साचू नये, म्हणून लँथनम कार्बोनेटच्या गोळ्या देतात. आतड्यातच ते फॉस्फेटला बांधून टाकते. वैद्यकात जो गुण आहे, तोच स्फुरदाची भूक असलेल्या सोयाबीनच्या मुळांशी दोष ठरू शकतो.

सर्वांत सूचक प्रयोग सिरियमचा आहे. काच चकचकीत करण्यासाठी आणि डिझेलमध्ये मिसळण्यासाठी सिरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण वापरले जातात. ते शेतजमिनीत पोहोचले तर काय होईल, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी सोयाबीन निवडले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मात्रा वाढवली तेव्हा मुळांवरील गाठींमधील नत्र स्थिर करण्याचे काम जवळपास बंद पडले. सोयाबीनचे खरे भांडवल त्या गाठींतच असते. हवेतील नत्र फुकट मिळवून देणारा कारखाना बंद करून वर टॉनिक पाजण्यात अर्थ नाही. फवारणीतील क्षार आणि हे कण एकच नव्हेत, हे खरे. तथापि सावधगिरीसाठी एवढी सूचना पुरेशी आहे.

आवश्यक कोणाला?

एखादे मूलद्रव्य वनस्पतीला आवश्यक आहे असे केव्हा म्हणावे, याच्या कसोट्या आर्नन व स्टाउट यांनी १९३९ मध्ये मांडल्या. त्याच्याविना जीवनक्रम पूर्ण होता कामा नये, त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून निघता कामा नये, आणि त्याचा वनस्पतीच्या पोषणाशी प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे. जस्त या कसोट्यांना उतरते. डॉ. यशवंत नेने यांनी १९६० च्या दशकात पंतनगर येथे तराईतील भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या अभावाने होतो, हे दाखवून दिले. जस्ताचा क्षार दिला की रोग नाहीसा होई. लँथनम अथवा सिरियम न मिळाल्याने कोणत्याही पिकाला असा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही.

तथापि निसर्गाने येथे एक सुंदर आश्चर्य राखून ठेवले होते. वाढत्या पानांतून थोडे मिथेनॉल बाहेर पडत असते, आणि त्यावर जगणारे गुलाबी रंगाचे जिवाणू पानांवर वस्ती करतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अशा जिवाणूंत लँथनममुळे कार्यान्वित होणारे एंझाइम असल्याचे दाखवले. २०१४ मध्ये तर इटलीतील ज्वालामुखीच्या चिखलात राहणारा एक जिवाणू विरल मृत्तिकांवाचून वाढतच नाही, असे सिद्ध झाले. म्हणजे विरल मृत्तिका जीवसृष्टीला पूर्णतः परक्या नाहीत. गरज घराच्या मालकाला नसून भाडेकरूला आहे, एवढेच. या जिवाणूंपैकी काही पिकाला उपकारक असतात. फवारणीचा लाभ कधीमधी दिसतो तो त्यांच्यामार्फत येतो काय, हा अभ्यासाचा योग्य विषय आहे. पण त्यांना लागणारी मात्रा इतकी अल्प असते की धुळीतूनही ती मिळू शकते.

उत्तर इंदुरातच आहे

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याचे उत्तर शोधण्याची साधने याच शहरात तयार झाली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

१९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभारली. तेथे विनायक गोविंद पानसे हे संख्याशास्त्रज्ञ काम करीत. हचिन्सन या कापूसतज्ज्ञांबरोबर त्यांनी शेतावरील प्रयोग कसे आखावेत याचा अभ्यास केला. पुढे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला कृषी संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्याचे सार कोणत्याही शेतकऱ्याला समजण्याजोगे आहे. ज्याची तुलना करायची ती गोष्ट शेजारी ठेवा; एकदा नव्हे, अनेकदा ठेवा; आणि कोणती कोठे ठेवायची, ते मनाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आम्ही तसेच केले. शेताचे आठ सारखे पट्टे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून चार पट्ट्यांवर औषध व चारांवर नुसते पाणी फवारले. प्रत्येक पट्ट्याचे सोयाबीन वेगळे कापले, वाळवले व तोलले. वजने फळ्यावर मांडली, तेव्हा दिसले की औषधाच्या चार पट्ट्यांचा आपापसांतील फरकच औषध आणि पाणी यांच्यातील फरकाहून मोठा होता. एका शेतातील एका हंगामाचा हा अनुभव काही शास्त्रीय निर्णय नव्हे. पण त्याला हवे होते तेवढे त्यातून कळले. आदल्या वर्षीचा गुण बाटलीचा होता असे मानायला आधार उरला नाही. तो बहुधा वेळेवर झालेल्या पावसाचा होता.

माती तपासली, तेव्हा उपलब्ध जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅम या सर्वमान्य मर्यादेच्याही खाली आढळले. बाटलीच्या पैशासाठी त्याने जे टाळले होते, तेच त्याच्या जमिनीला हवे होते. माझ्या मते त्याचे खरे नुकसान बाटलीच्या किमतीपेक्षा या चुकलेल्या खताने झाले.

१९८७ मध्ये खंडवा रस्त्यावर स्थापन झालेल्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रामुळे सोयाबीनच्या पोषणाचा सल्ला आपल्याला दाराशी उपलब्ध झाला. माती परीक्षणात जस्त कमी आढळल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट ही सर्वसाधारण मात्रा आहे. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला गंधक, आणि पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम, हा क्रम आधी पुरा व्हावा. विरल मृत्तिकांची पाळी त्यानंतर. बाटली घ्यायचीच असेल तर तिच्यावर घटकांचे प्रमाण छापलेले आहे काय आणि १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार तिची नोंद आहे काय, हे पाहावे. २०२१ पासून जैव-उत्तेजकेही या आदेशाखाली आली आहेत.

याच संस्थेची दुसरी देणगी म्हणजे इंदूर पद्धतीचे कंपोस्ट. हॉवर्ड यांचे नाव जगभर गेले. पण १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मूळ पुस्तकावर यशवंत वाड या त्यांच्या रसायनतज्ज्ञ सहकाऱ्याचेही नाव सहलेखक म्हणून आहे. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख थरांनी रचून, ठरलेल्या वेळी परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ती रीत होय. जमिनीतून पिकाने उचललेले प्रत्येक मूलद्रव्य, विरल मृत्तिकांच्या अंशांसह, त्या खड्ड्यातून पुन्हा जमिनीला मिळते. आणि तेही पिकाने स्वतः निवडलेल्या प्रमाणात.

यावर्षी तो विद्यार्थी भेटला तेव्हा त्याने जस्त व कंपोस्ट घातल्याचे सांगितले. बाटलीविषयी त्याचे कुतूहल मात्र संपलेले नाही, आणि ते संपू नये असेच मला वाटते. दरवर्षी तो दोन पट्टे काहीतरी नवे पाहण्यासाठी राखून ठेवतो व त्यांशेजारी दोन पट्टे मोकळे सोडतो. गुरुजींनी गॅसबत्तीची जाळी हातात देऊन आम्हांला जे शिकवले, ते याहून निराळे नव्हते. त्या मोकळ्या पट्ट्यांना मी त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आदरांजली मानतो.